वाचून न दाखवलेली साक्ष

फुलाबाईंनी मेथीची जुडी वर्तमानपत्रावर आपटली, तसं एक ढेकूळ उडून दत्तोपंतांच्या पायाशी पडलं. त्यांनी पाय मागं घेतले, पण बोलणं थांबवलं नाही. टेबलावर मोबाइल ठेवलेला. ते बोलतील ते त्यावर आपोआप उमटत होतं आणि नात गौरी लक्ष ठेवून होती. निवृत्त सत्र न्यायाधीश आपल्या आठवणींचं पुस्तक सांगत होते. पुढच्या महिन्यात दोह्याच्या मराठी लोकांसमोर त्याचं प्रकाशन ठरलं होतं.

अल थुमामा भागातल्या या फ्लॅटात व्याही आले होते लेकीकडं आणि विहीण लेकाकडं. सुशांत-नीलांबरी सकाळी वेस्ट बे भागातल्या ऑफिसात गेले, की घरात कोर्ट भरायचं. बत्तीस वर्षांच्या नोकरीतला एकेक खटला बाहेर निघायचा, आणि प्रत्येक खटल्यात शहाणा माणूस एकच.

"ओढ्याकाठची मारामारी," दत्तोपंत सांगत होते. "एकाचा जीव गेला. आरोपी केरबा. त्याच्या बाजूनं बहीण उभी राहिली. अंगठेबहाद्दर बाई. भाऊ तापानं फणफणलेला, घरातच होता, म्हणाली. आणि उलटतपासणीत तिनंच कबूल केलं, की तो दुपारी ओढ्याकडे गेला. खोटं फार वेळ उभं राहत नाही. मी सात वर्षं दिली."

फुलाबाईंचा हात काडीवर थांबला.

लेकाच्या लग्नाच्या बैठकीतच त्यांनी या माणसाला ओळखलं होतं. त्यानं नव्हतं ओळखलं. लेकाचा संसार उसवायला नको, म्हणून इतकी वर्षं जिभेवर धोंडा ठेवला. पण केरबा अजून गावात जिवंत होता. सात वर्षं भोगून आलेला, आणि आता नावानिशी पुस्तकात खुनी म्हणून छापला जायचा होता.

"कुठल्या गावची हुती ती बाई, जजसाहेब?"

"अशा शेकडो येतात, विहीणबाई. कुठं लक्षात राहणार?"

"शेकडो न्हाई. मी हुते."

गौरीनं मान वर केली. "आजी, व्हॉट?"

"ऐक गं, तू ऐक. मी म्हणलं हुतं, भाऊ वड्याच्या वाटंला धा पावलं गेला, भडाभडा वकला, अन मीच त्याला बकुटीला धरून माघारी आणला. निकालात काय निघालं? 'आरोपी ओढ्याकडे गेला.' खलास! मग माघारी आलेला कुठं गेला? दुपारचा दीड वाजलेला. या मुडद्याला जेवायची घाई हुती. साक्ष वाचून दाखवायची असती, ती बी न्हाई दाखवली. माझा अंगठा धरला अन उमटवला. ती शाई मी पदराला पुसली. ते लुगडं अजून ट्रंकेत हाय."

दत्तोपंतांचा चेहरा फिका पडला, आवाज मात्र नाही.

"अपील का केलं नाही?"

"एका वकिलात दोन्ही बैल गेले. दुसऱ्याला काय नवरा द्यायचा हुता?"

गौरी हळूच म्हणाली, "आजोबा, फोन ऑन होता. आजीचं सगळं आलंय. डिलीट करू?"

दत्तोपंतांचा हात उठला आणि अर्ध्यातच राहिला. त्यांनी मोबाइल उचलला. चष्मा लावला. ताठ बसून, कोर्टातल्या आवाजात ते वाचू लागले. ओढ्याची वाट, धा पावलं, बकुटीला धरलं, दीड वाजला, अंगठा, लुगडं.

"मधलं एक गाळलं," फुलाबाई म्हणाल्या.

"ते नोंदीत घेण्यासारखं नाही."

"तवा बी तुम्हीच ठरवलं हुतं, काय घ्यायचं अन काय न्हाई."

दत्तोपंतांनी बोटानं मजकूर मागं सरकवला.

"'या मुडद्याला,'" त्यांनी वाचलं, "'जेवायची घाई हुती.'"

एकही अक्षर इकडचं तिकडं केलं नाही. मग मान वर न करता त्यांनी विचारलं,

"बरोबर आहे?"

फुलाबाईंनी मेथीनं हिरवा झालेला अंगठा पदराला पुसला.

"पुढचं घ्या," त्या म्हणाल्या.