बिनमिठाचं सूप

कस्तुरी, या थंडीत तुझ्या आजीचे उरलेसुरले दात काढले. बीडचे डॉक्टर म्हणाले, हिरड्या भरून आल्या की कवळी बसवू. तोवर पातळ आणि कोमट द्या, तिखट नको. मिठाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. ते मी माझ्या मनानं जोडलं.

तुझे बाबा ट्रॅक्टर घेऊन कारखान्यावर. घरात मी, तू आणि तुझी आजी. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. मी मोबाईलवर सूप बघायला लागले. पहिलं डांगराचं, लाल भोपळ्याचं केलं. आत्याबाईंनी वाटीत बोट बुडवून पाहिलं.

"ह्ये काय हाय?"

"सूप हाय, आत्याबाई. डांगराचं."

"डांगराचे घारगे आसतात. ह्ये वासराला पाजायचं दिसतंय." एक घोट घेऊन त्या थांबल्या. "मीठ कावून न्हाई?"

"टाके ओले हायेत. मीठ चालत न्हाई."

हे वाक्य त्यांचंच. तू झालीस तेव्हा तुझ्या आजोळच्या आजीचा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून माझं बाळंतपण इथंच झालं. टाके ओले आहेत म्हणत आत्याबाईंनी मला तांदळाची बिनमिठाची पेज पाजली, रोज, दोन्ही वेळा. त्या आजीनं डबा काठोकाठ भरून डिंकाचे लाडू धाडले होते. त्यातला एकही माझ्या तोंडाला लागला नाही. मुंग्या लागल्या, टाकून दिले, असं आत्याबाई म्हणाल्या. पौषातल्या थंडीत कुठल्या मुंग्या गं? मला दूध फुटेना. तू रडून रडून काळीनिळी व्हायचीस आणि मी पावडरीचं दूध चमच्यानं तुझ्या ओठांवर सोडायचे. तुझे ओठ तेव्हा जोंधळ्याच्या दाण्याएवढे होते.

ते लाडू कुठं गेले, एवढं मला आत्याबाईंच्या तोंडून ऐकायचं होतं.

म्हणून सूप चालू राहिलं. वडवणीच्या बाजारातून बीट आणलं, शेवग्याचा पाला आणला. बीडहून येणाऱ्या शेजारणीकडून ब्रोकोली मागवली. तिला आत्याबाई आजारी फुलकोबी म्हणाल्या. मशरूमची त्यांनी धास्तीच घेतली.

"कुत्र्याच्या छत्र्या घालतीस व्हय सासूला?"

"पाकिटातल्या हायेत."

"पाकिटात घातल्यावर काय सोनं झालं का त्याचं?"

पण भूक वाईट. वाटी रिकामी व्हायची. तुझ्या वाटीत तेच सूप, वर मीठ आणि लोण्याचा गोळा. तू मिटक्या मारत प्यायचीस, मिशा रंगवून घ्यायचीस. त्या तुझ्याकडे बघत राहायच्या. जेवण झालं की त्यांनी मिठाच्या कोमट पाण्यानं चूळ भरायची असे. मी समोर उभी राहायचे. "गिळायचं न्हाई बरं का, आत्याबाई. थुका."

परवा गेवराईहून तुझी आत्या, वर्षाराणी, आईला बघायला आली. पिशवीतून तिनं स्टीलचा डबा काढला आणि माझ्या हातात दिला.

"वहिनी, ताजे डिंकाचे लाडू हायेत. आन् तुमचा डबा लई दिवस माझ्याकडंच राहिला बगा. माझ्या धाकट्याच्या बाळंतपणाला आईनं धाडलता. लई गुणाचे लाडू होते. तुमाला डिंक सोसत न्हाई म्हणं?"

मी डबा उलटा केला नाही. नुसतं बुडाखाली बोट फिरवलं. अक्षरं लागली: सौ. विमलबाई. तुझ्या आजोळच्या आजीच्या लग्नातलं भांडं, तिच्याच नावाचं. आत्याबाई दाराकडे बघत होत्या.

मी तुला मांडीवर घेतलं आणि एक लाडू दिला. तुझे इवलेसे दात कडकड वाजले.

"ह्ये तुमाला चालायचे न्हाईत, आत्याबाई. दात लागतात."

वर्षाराणी हसली. बिचारीला काही ठाऊक नव्हतं. मी शेवग्याच्या पाल्याचं सूप आणून आत्याबाईंपुढं ठेवलं. त्यांनी घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं.

"रोहिणी, मीठ घाल गं."

"घालते. आधी सांगा, मुंग्या कुठल्या?"

"कसल्या मुंग्या?" वर्षाराणी म्हणाली.

तू लाडू चावत होतीस. शेवटी आत्याबाई वाटीकडे बघून पुटपुटल्या. दात नसल्यानं शब्द निसटत होते, तरी मला नीट ऐकू आलं.

"म्याच दिले. हिला पोरगा झालता."

"आन् मला?"

त्यांनी वाटी माझ्यापुढं केली. वर्षाराणीचा चेहरा उतरला. तिनं लाडवाचा डबा हळूच आपल्यापासून लांब सरकवला.

मी मिठाच्या बरणीतून चिमूट घेतली, अर्धी वाटीत सोडली, अर्धी बोटांत धरून ठेवली. आत्याबाईंनी घोट घेतला आणि परत माझ्याकडे पाहिलं.

"आळणीच लागतंय."

"अर्धंच बोललात, आत्याबाई."

तू चिकट हातानं माझी चिमूट उघडलीस, बोट चाटलंस आणि तोंड वेडंवाकडं केलंस. मला हसू आलं. उद्या परत मशरूमचं करणार आहे.