रस्त्यात न रुसणारी गाडी

किल्ली वाटीत पडली आणि खण्णकन आवाज झाला.

सकाळपासून त्या घरात झालेला तो पहिलाच धड आवाज. दाराजवळच्या फळीवर ही वाटी जुन्या गाडीच्या किल्लीसाठी ठेवलेली. गाडी भंगारात गेली, किल्ली मात्र राहिली. नवरा जाता-येता ती उचलायचा, बोटावर गरगर फिरवायचा आणि वाटीत टाकायचा. म्हणजे समजायचं, त्याला काहीतरी बोलायचं आहे.

"खारू," तो मुलीला म्हणाला, "आईला विचार, तिचा तो डबा बघायला कधी निघायचंय."

आई खारूच्याच मागे बसून तिचे केस विंचरत होती. मध्ये फार तर दोन हातांचं अंतर.

"आई, बाबा विचारतात..."

"ऐकलं मी. त्यांना सांग, त्यांनी यायलाच हवं असं काही नाही."

"बाबा, आई म्हणते..."

"ऐकलं. तिला सांग, बाई एकटी दिसली की हे गाडीवाले टोपी घालतात. मग बसेल रडत."

खारू सहा वर्षांची. हे नाव बाबांनीच ठेवलेलं, कारण लहान असताना ती घास गिळायची नाही, खारीसारखा गालात साठवून ठेवायची. अबोला सुरू झाला तेव्हा निरोप्याचं काम तिला आवडलं होतं. इकडून तिकडे पळायचं, दोघंही आपल्याकडे बघतात, मजा होती. पण ती निरोप जसाच्या तसा कधी पोचवायची नाही. "आईला सांग, भाजी खारट झालीय," असं बाबा म्हणाले, की स्वयंपाकघरात येऊन सांगायची, "बाबा म्हणाले, भाजी छान झालीय." आईला पलीकडचं सगळं ऐकू यायचं. तरी ती "बरं" म्हणायची. एवढ्याशा पोरीनं निरोपातला खडा वेचून काढला, तो तिच्या हातावर परत कुठे ठेवायचा?

कपाळावर येणारी बट आईने मागे घेतली आणि वाकवली की टक् वाजते ती लाल पिन लावली. "पाडू नकोस हं," म्हणाली. खारूने मान हलवली. आज ती जास्त काही बोलत नव्हती.

भांडणाचं मूळ सांगायला गेलं तर लोक हसतील. मूळ होतं गाडीची सीट. नवरा ताडमाड, ही जेमतेम त्याच्या खांद्याला. तिने गाडी चालवली की सीट पुढे ओढलेली असायची. मग तो बसायचा, गुडघा आपटायचा आणि खाडकन सीट मागे सारायचा. "कुणी ओढली ही? घरात भुतं राहतात?" एकदा, दोनदा हसण्यावारी गेलं. पुढे पुढे त्या खाडकन आवाजात सगळंच आलं. तिची नोकरी, तिची उशिरा येण्याची वेळ, तिच्या बहिणीचे फोन, तिचं माहेर.

आणि मग ती दुपार. खारूच्या अंगात ताप, दवाखान्यातून परतताना भर रस्त्यात गाडीने मान टाकली. मागून हॉर्नचा कल्ला, शेजारी तापलेली पोर. तिने नवऱ्याला फोन केला. तो आला, पण सावकाश आला, आणि येऊन पहिलं काय केलं असेल तर दार उघडून सीट मागे सरकवली. पोरीच्या कपाळाला हात नंतर लावला. त्या दिवशी तिचं तोंड मिटलं ते मिटलंच. त्याचंही.

ती एका मोठ्या इस्पितळात लोकांचे कान तपासते. आवाजबंद खोलीत माणसाला बसवायचं, कानावर हेडफोन चढवायचा आणि काचेआडून बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आलं की बटण दाबा, एवढंच तिचं दिवसभराचं बोलणं. तिथेच तिने गाडीचा शोध सुरू केला होता. जाहिराती पाहिल्या नाहीत की मैत्रिणींच्या नवऱ्यांचा सल्ला घेतला नाही. इस्पितळाच्या आवारात जी गाडी सगळ्यात जुनी दिसेल आणि तरीही सकाळी पहिल्या झटक्यात सुरू होईल, तिच्या मालकाला गाठायचं आणि विचारायचं, किती वर्षं झाली हो? निम्मे मालक तिचेच पेशंट. ते "काय?" म्हणून ओरडायचे, हीही ओरडायची, आणि आख्ख्या आवाराला कळायचं की बाईंना गाडी घ्यायचीय.

पण त्यातून एक गोष्ट पक्की झाली. टिकणाऱ्या गाड्या दिसायला अगदी भोळ्या होत्या. त्यांना टीव्हीसारखे पडदे नव्हते की आपोआप उघडणारी छपरं नव्हती. लहान इंजिन, कमी खाणं, सुटे भाग कुठल्याही कोपऱ्यावरच्या गॅरेजात मिळणारे. त्यातलंच एक मॉडेल तिने मनात धरलं. खारूची शाळा संपेपर्यंत पुरेल, आणि रस्त्यात रुसणार नाही. रुसणारं माणूस घरात एक असलं की पुरे.

नवऱ्याला मोठी गाडी हवी होती. तो लिफ्टच्या देखभालीचं काम करतो. यंत्रातलं आपल्याला कळतं, घरात दुसऱ्या कुणाला कळत नाही, हे त्याने कधीच ठरवून टाकलंय. "छोट्या गाडीत माणूस बसत नाही, भरला जातो," हे त्याचं ठरलेलं वाक्य. आणि तिने आपल्या साठवणीतून घ्यायचं ठरवल्यावर त्या गाडीचं नाव पडलं डबा.

एक गोष्ट मात्र तिने त्याला सांगितलेली नव्हती. दुसऱ्या गावातल्या दवाखान्यात तिला जागा मिळत होती आणि जागेसोबत राहायला दोन खोल्या. तिथे वेळी-अवेळी बस नाही. गाडी हवीच, आणि अशी हवी, की ती बंद पडली म्हणून कुणाला फोन करावा लागू नये. बहिणीशी बोलताना ती न्हाणीघराचा नळ सोडून बोलली होती. "गाडी हातात आली की मी सुटले. खारूला घेऊन निघते," असं म्हणाली होती. पाण्याच्या आवाजात शब्द बुडतात असं तिला वाटलं. दिवसभर लोकांचे कान तपासणाऱ्या बाईला आपल्या घरातल्या कानांचा हिशेब लागला नाही.

जुन्या गाड्यांचा व्यापारी म्हणजे बोलका पोपट होता. त्याच्या अंगणातली प्रत्येक गाडी आधी कुणा डॉक्टरची होती आणि प्रत्येक डॉक्टर फक्त सुट्टीच्या दिवशी गाडी चालवायचा. जगातले आजारी लोक मग डॉक्टरची वाट बघतच मरत असावेत. तिने तिची गाडी ओळखली. पांढरी, लहानशी, मागच्या दाराला पोचा. तिने दारांच्या खालच्या कडांवरून बोट फिरवलं. गंज नव्हता. पायाखालची चटई उचलून वास घेतला. ओल नव्हती. व्यापारी नवऱ्याकडे बघून बोलत होता आणि नवरा आभाळाकडे.

"साहेब, वहिनींची पसंती एकदम घरगुती आहे."

"वहिनींनाच सांगा," नवरा म्हणाला. "मी नुसता ओझं उचलायला आलोय."

अंगणासमोर मोठं मोकळं मैदान होतं. तिथेच एक फेरी मारून या, मी इथून बघतो, असं व्यापारी म्हणाला. ती चालकाच्या जागी बसली आणि खालचा दांडा ओढून सीट पुढे घेतली. नवऱ्याने शेजारी बसून आपली सीट मागे सारता सारता ते पाहिलं. खारू मागे.

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. गिअर लोण्यासारखे पडत होते. तिच्या छातीत कितीतरी दिवसांनी जरा जागा झाली. आणि मैदानाच्या वळणावर आवाज आला.

टक्.

वेग वाढवला. टक्. टक्. कमी केला, आवाज थांबला. परत वाढवला, परत टक्.

नवऱ्याचा चेहरा उजळला. "खारू, आईला सांग, खालून येतोय. चाकाजवळचं काहीतरी गेलंय. डबा वाजणारच."

आईलाही तो आवाज पुढच्या डाव्या चाकातूनच आल्यासारखा वाटला. तोंड कडू झालं. ती गाडी परत व्यापाऱ्याच्या दारात घेऊन आली. तो बिचारा नवा शर्ट घालून होता, तरी गाडीखाली आडवा झाला, चाकं हलवून पाहिली, ठोकून पाहिली, धुळीने माखून बाहेर आला. काही सापडलं नाही.

"ताई, आईशप्पथ, हिच्यात काही नाही. उलटी करून दाखवू का?"

"असू दे," नवरा तिच्याकडे न बघता म्हणाला. "आमच्याकडे कान तपासणाऱ्या तज्ज्ञ आहेत. पसंत करताना बहिऱ्या झाल्या होत्या, इतकंच."

व्यापारी हसावं की नाही या पेचात पडला. तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "परत एक फेरी मारते," ती म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही.

पुन्हा वळण, पुन्हा वेग. टक्. टक्. यावेळी तिने चाकाकडे कान लावला नाही. मान थोडी वर करून आरशात पाहिलं.

लहान मुलांची तपासणी करताना एक गोष्ट तिला रोज दिसते. ज्याला खरंच आवाज ऐकू येतो ते मूल कुठेतरी हवेत बघतं, आवाजाला शोधत. आणि ज्याला काहीच ऐकू आलेलं नसतं पण बाईंना खूश करायचं असतं, ते नुसतं बटण दाबतं आणि तिच्या तोंडाकडे बघतं. आता बरोबर आहे ना, असं.

आरशात खारू तिच्या तोंडाकडे बघत होती. एकटक. आणि सकाळी मागे घेतलेली बट कपाळावर आली होती. पिन केसांत नव्हती.

टक्.

मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला तिने गाडी थांबवली. इंजिन बंद केलं.

"काय झालं, बंद पडला ना?" नवऱ्याच्या आवाजात जिंकल्याचा रंग होता. तो उतरला, पुढच्या चाकाशी वाकला, लाथ मारून पाहिली. मग मागे जाऊन डिकी उघडली, तिथे बराच वेळ खुडबुड केली. तिने आरशातूनच मुलीकडे पाहिलं. मुलीची मूठ घट्ट मिटलेली होती. रागवावं असं तिच्या मनात क्षणभर आलं. मग त्या मुठीत घुसणारी पिनेची कड डोळ्यांसमोर आली आणि राग कुठे ठेवायचा तेच तिला कळेना.

डिकी बंद झाली. नवऱ्याने मागचं दार उघडलं. "बघू, पट्टा नीट लागलाय का," म्हणत आत वाकला. त्याची नजर मुठीवर गेली, बटेवर गेली. मूठ त्याने उघडली नाही. नुसता आपला मोठा पंजा त्या मुठीवरून झाकल्यासारखा क्षणभर ठेवला. मग दार लावलं. आपटलं नाही, लावलं.

तो फिरून तिच्या खिडकीशी आला. कमरेत वाकायला लागलं त्याला. तिला वाटलं, आता येईल ते "आईला सांग". पण त्याने खारूला हाक मारली नाही.

"गाडीत दोष नाही," तो तिला म्हणाला. एवढ्या दिवसांत तिच्या तोंडावर बोललेलं पहिलं वाक्य. "चांगली आहे. टिकेल."

तिने स्टिअरिंगवरचे हात सोडले नाहीत.

"स्टेपनीत हवा कमी आहे. लांब जायचं तर भरून घे."

लांब. म्हणजे न्हाणीघराच्या नळाने काहीच बुडवलं नव्हतं.

"मी..." ती म्हणाली.

"आणि सीट ठेव तुझ्याच मापाची," तो म्हणाला, आणि ते बोलताना ओठ तसाच वाकडा झाला, नेहमीसारखा, टोचायला निघाल्यासारखा. "आता कुणी मागे सारणार नाही."

तो वळला आणि मैदानातून चालू लागला. गाडीत बस, असं ती म्हणाली नाही. त्यानेही मागे वळून पाहिलं नाही. उन्हात त्याची लांबडी सावली त्याच्या आधी पोचायची घाई केल्यासारखी पुढे पुढे सरकत होती. पलीकडे व्यापारी शर्ट झटकत उभा होता, हात हलवून काहीतरी विचारत होता, बहुधा सौदा झाला का असं.

शेजारची सीट रिकामी झाली होती. ती तशीच मागे सारलेली होती, लांब पायांच्या मापाची.

तिने मागे हात केला. खारूने मूठ उघडून पिन तिच्या तळहातावर ठेवली. गरम झाली होती, आणि तळव्यावर लाल वळ उठला होता. तिने वळून पोरीची बट मागे घेतली आणि पिन लावली. टक् झालं. दोघींनीही ते ऐकलं.

किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

"आई," खारू मागून म्हणाली, खिडकीतून लहान होत चाललेल्या बाबांकडे बघत, "जाताना आपण या गाडीतून जाऊ. पण मग बाबांना निरोप द्यायचा असला, तर ते कुणाला सांगतील?"