सरळ केलेली गाडी

ऑस्ट्रेलियातल्या जिलाँगच्या मर्व्ह गिडलीने पेट्रोल पंपामागच्या शेडमध्ये शर्यतीच्या गाड्यांचा संघ उभा केला, तेव्हापासून त्याचा एकच बाणा होता: ठोकलेली गाडी भंगारात द्यायची नाही. मोठ्या संघांना कंपन्या नव्या गाड्या द्यायच्या. मर्व्हकडे साखळ्या, जॅक, घण आणि चिवटपणा. वाकलेला सांगाडा ओढून सरळ करायचा, रंग फासायचा, की गाडी पुन्हा शर्यतीला तयार. लोक हसायचे. पण गिडलीच्या गाड्या पहिल्या दहांत येऊ लागल्या, तशी हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

नोलीन ट्रँटर या संघाच्या फेऱ्या मोजायची. नवरा गाडीत आणि बायको पिटमध्ये, गाड्या पेट्रोल भरायला थांबतात तिथे, स्टॉपवॉच घेऊन, अशीच तिथली रीत. कोण कुठे आहे, कुणाचं पेट्रोल कधी संपणार, सगळं तिच्या तक्त्यावर. ऑगस्टमध्ये तिचा नवरा लेस तिच्या डोळ्यांसमोर भिंतीवर आदळून गेला. अंत्यविधीनंतर तिने मर्व्हकडे एवढंच मागितलं, की ती गाडी चेपून टाक. मर्व्हने होकारार्थी मान हलवली.

ऑक्टोबरात बाथर्स्टची मोठी शर्यत आली. लेसच्या जागी त्याचा धाकटा भाऊ रॉस चालवणार होता. मोजायला दुसरं कुणी नाही म्हणून मर्व्हने गळ घातली, आणि रिकाम्या घराला तीही विटली होती. आली.

शर्यतीच्या सकाळी रॉसची पाण्याची बाटली ठेवायला ती गाडीत वाकली. दाराला आतून हिरव्या रेक्झिनची गादी लावलेली होती. लेस उंच, त्याचा गुडघा दारावर आपटून काळानिळा व्हायचा, म्हणून तिनेच स्वयंपाकघरातल्या जुन्या खुर्चीचं रेक्झिन उसवून ती शिवली होती. आपला टाका कुणाला ओळखू येत नाही? ती तशीच मर्व्हकडे गेली आणि त्याला विचारलं.

मर्व्ह खोटं बोलला नाही, एवढं त्याच्या पदरात टाकायला हवं. लेस गेल्यावर जाहिरातदार पळाले, नवा सांगाडा परवडेना, बाथर्स्ट चुकलं असतं तर संघाला टाळंच लागलं असतं. तुला दुखवायचं नव्हतं म्हणून बोललो नाही, असंही वर म्हणाला. फसवताना माणसांना दया बरी सुचते.

तिथून ती थेट रॉसकडे गेली. तो हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता.

"ही लेसची गाडी आहे. तू हिच्यात बसायचं नाहीस."

"माहितेय मला," रॉस म्हणाला. "साखळ्या मीच ओढल्या. त्याची सीटही मीच काढली. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही."

"आणि तरी बसणार?"

"लेसला ती कुठे नवी मिळाली होती, नोल? आधी डगची होती. डगचे दोन्ही पाय गेले तिच्यात. तेव्हा तू विचारलं होतंस काही?"

नव्हतं विचारलं. तेव्हा ती तोंडात टाचण्या धरून लेसच्या गुडघ्याचं माप घेत होती आणि बगळ्याचे पाय म्हणून त्याला चिडवत होती.

तिला निघून जायचं होतं. पण ती गेली असती तर रॉसला पेट्रोलचा हिशोब कोण सांगणार? ती स्टॉपवॉच घेऊन बसली. सुरुवातीला प्रत्येक फेरीला ती एकच मागत होती, की ही गाडी कुठेतरी गवतात हळूच बंद पडू दे, म्हणजे रॉस चालत परत येईल. पण मोठ्या संघांच्या गाड्या एकेक करून धूर सोडत बाजूला झाल्या. दुपार कलली आणि डोंगरावरून सगळ्यांच्या पुढे गिडलीची पांढरी गाडी उतरली. इतक्या वर्षांत असं कधी घडलं नव्हतं.

नोलीन उभी राहिली होती. केव्हा, ते तिलाही कळलं नाही.

"चल, बाई, चल," ती पुटपुटली.

ती हे रॉसला म्हणाली नव्हती, गाडीला म्हणाली होती. नवऱ्याचा घास घेणाऱ्या त्या लोखंडाला तिने लाडाने हाक मारली होती. तिने तोंडावर हात दाबला, पण मर्व्हने ऐकलं होतं. दिवसभरात पहिल्यांदाच तो तिच्याकडे बघून हसला, सुटल्यासारखा. तिला स्वतःची शिसारी आली. आणि गाडी समोरून गेली तेव्हा तिच्या बोटाने अगदी अचूक वेळेला बटण दाबलं.