तिसरं कडवं

नंदाखालला बेलावहिनींच्या घरी गॅब्रिएल कॉम्प्युटर बघायला गेला, तेव्हा मागच्या केळींना पाणी सोडलेलं होतं. २००७ साल असावं. वहिनींचा नवरा रॉबर्ट वर्षापूर्वी वारला होता. चर्चच्या गायनमंडळात तो आणि गॅब्रिएल शेजारी उभे राहत. रॉबर्टने स्वतःच्या आवाजात भरलेली भक्तिगीतं त्या कॉम्प्युटरवर होती, आणि तो चालवणाऱ्या लिनक्स प्रणालीच्या वाट्याची जागा भरून गेल्याने तो धड सुरूच होत नव्हता. विरारच्या दुकानदाराने सगळं पुसून नव्याने टाकावं लागेल म्हटल्यावर वहिनी घाबरल्या होत्या.

"पुसायचं कशाला?" कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारा गॅब्रिएल ऐटीत म्हणाला. "डिस्कचे दोन भाग आहेत. गाण्यांचा भाग थोडा लहान करू, सुटलेली जागा लिनक्सला देऊ."

"गॅब्रिएल, कॉपी काढलीस ना?" वहिनींनी विचारलं.

कोऱ्या सीड्या त्याच्या बॅगेत होत्या, पण एकेक भरत बसायचा कंटाळा आला होता. "काढली," तो म्हणाला, आणि पडद्यावरची सूचना न वाचताच त्याने बटण दाबलं.

काम किती झालं ते दाखवणारी पट्टी सरकत गेली आणि मध्येच अडली, तेव्हा चहाचा कप त्याने तसाच खाली ठेवला. मग एकदाचं काम झालं. लिनक्स सुरू झालं, एकही गाणं गेलं नव्हतं. वहिनींनी डोळे पुसून त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि त्या हाताखाली त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"त्यांचं शेवटचं गाणं लाव," त्या म्हणाल्या.

रॉबर्टचा आवाज खोलीभर झाला. दुसरं कडवं संपलं, पेटी थांबली, आणि अगदी घरगुती सुरात रॉबर्ट म्हणाला, "गॅब्रिएल, कॉपी काढलीस ना?"

गॅब्रिएलच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वहिनी मात्र दचकल्या नाहीत.

"हे त्यात पहिल्यापासून आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "कसली कॉपी ते मला कळायचं नाही. म्हणून आज मीच विचारून पाहिलं. आता लगेच तिसरं कडवं लागतं."

ते लागलं नाही. गाण्याची लांबी संपून गेली, तरी पडद्यावरचे सेकंद पुढे सरकत होते, आणि स्पीकरमधून कुणाचा तरी संथ श्वास ऐकू येत होता. गाणं बंद करायला उचललेला त्याचा हात तसाच राहिला.

"बोल ना," वहिनी हळूच म्हणाल्या. "ते थांबलेत."