एकविसावी बाटली

साहेब, तो बोर्ड तुम्ही लावलात. खिळे तपासणी खात्याच्या टार्गेटसाहेबाने ठोकले असतील, पण हुकूम वरच्या मजल्यावरून आला होता आणि वरच्या मजल्यावर तुम्ही बसता. खाली उतरून तुम्ही तो बघितलाही नसेल. हिरवा बोर्ड, डावीकडे नावं, उजवीकडे आकडे, आणि मधोमध एका बाईचा फोटो. त्या बाईच्या फाईलवर पुढे तुम्ही ‘कामात दोष’ असा शेरा मारलात आणि सही ठोकून मोकळे झालात. शेरा चार शब्दांचाही नाही. म्हणून बाकीचं इथे सांगावं लागतंय.

फोटोतल्या बाईला सगळे दुर्बीण म्हणायचे. औषधांच्या कारखान्यात, तपासणीच्या खोलीत, तिसऱ्या दिव्याशी ती एकोणीस वर्षं बसली. काम सांगायला अगदी सोपं. अंगठ्याएवढी काचेची बाटली, आत इंजेक्शनचं औषध. ती दिव्यापुढे धरायची, हलकेच गोल फिरवायची आणि बघायची. पाच सेकंद काळ्या पाटीसमोर, म्हणजे पांढरा तंतू किंवा काचेचा कण असला तर चमकतो. पाच सेकंद पांढऱ्या पाटीसमोर, म्हणजे केस किंवा काळा ठिपका असला तर उठून दिसतो. काही दिसलं तर बाटली लाल ट्रेमध्ये, नाही दिसलं तर निळ्या. मग पुढची बाटली. दिवसाला दोन हजार.

या कामाची एक खोड आहे. ते पुढचा विचार करत करता येत नाही. मन जरा संध्याकाळकडे सरकलं, की डोळे उघडेच राहतात पण बघणं बंद पडतं. जुनी माणसं नव्या बाईला पहिल्या दिवशी एवढंच शिकवायची, की हातातल्या बाटलीशिवाय जगात काही नाही असं समज. दुर्बीणने ते अठरा वर्षं समजून घेतलं होतं.

मग बोर्ड आला. प्रत्येकीच्या डोक्यावर लाल आकड्यांची एक पेटी बसली. निळ्या ट्रेमध्ये बाटली ठेवली की आकडा एकाने चढायचा. लाल ट्रेला आकडा नव्हता. साहेब, हे वाक्य परत एकदा वाचा. लाल ट्रेला आकडा नव्हता. खराब बाटली शोधणं हेच ज्या बायांचं काम, त्यांनी ती शोधली तर पेटीच्या लेखी त्या झोपल्या होत्या.

दोन हजाराचे सव्वीसशे झाले. सव्वीसशेचे तेहतीसशे.

शेजारच्या दिव्याशी रेडिओ बसायची. सकाळी दिवा लागला की तिचं तोंड लागायचं, ते दिवा विझेपर्यंत.

“अगं दुर्बीण, आकडा बघितलास का माझा? इतक्या भराभर तर माझ्या सासूचं ब्लडप्रेशर पण चढत नाही.”

“बोलू नकोस. बाराशे झालेत माझे.”

“बाराशे? बाई, तू बघतेस का नुसती बाटल्यांना टाटा करतेस?”

दुर्बीण हसली होती. तिला त्या महिन्यात हसायला वेळ होता, कारण ती सगळ्यांच्या पुढे होती.

तिचा नवरा सुतार. दुसऱ्यांची कपाटं आयुष्यभर केली, घरातल्या कपाटाला मात्र दार एकच. त्या दाराच्या आतल्या बाजूला त्याने एक कागद चिकटवला होता. ‘करायचं आहे’ असं वर लिहिलेलं. कपाटाचं दुसरं दार. खिडकीत फळी. समुद्र बघणं. पोहायला शिकणं. प्रत्येकापुढे तारीख, तारीख उलटली की खोडून पुढची. काही ओळींपुढे इतक्या तारखा झाल्या होत्या की कागद डाव्या बाजूला रिकामा आणि उजवीकडे काळाकुट्ट. तोही कमी नव्हता. दोघं नवराबायको एकमेकांना शोभणारी होती. दोघांचंही जगणं कायम पुढच्या आठवड्यात असायचं.

तो दवाखान्यात पडला तो पोटाच्या दुखण्याने, आणि पडल्यावर त्याने यादीचं नावच काढलं नाही. उशीला टेकून खिडकीबाहेर बघत राहायचा. ती कामावर जाताना दहा मिनिटं डोकावायची.

“हे बघ, त्या कबुतराचा एक पाय वाकडा आहे,” तो म्हणाला. “रोज येतं. पाणी प्यायला वाकलं की पडतं आणि मग रागाने इकडेतिकडे बघतं, जसं काही आपणच ढकललं. तू आज बस की जरा. येईलच आता.”

“अहो, महिना संपू द्या. चार दिवस राहिलेत. मी पहिली आहे बोर्डावर. एक तारखेपासून रजाच टाकते, मग दिवसभर कबुतरच बघत बसू.”

“बरं,” तो म्हणाला. “एक तारखेला.”

त्याने ऐकलं म्हणून तिला सुटल्यासारखं झालं. निघता निघता तिची नजर सवयीने वर टांगलेल्या सलाईनच्या बाटलीकडे गेली. खिडकीच्या उजेडात ती नीट न्याहाळून घेतली. बाटली साफ होती. पर्स खांद्याला लावली आणि ती गेली.

तिसऱ्या दिवशी, एकोणतीस तारखेला, तिचा महिन्याचा आकडा एक दिवस आधीच पुरा झाला. टार्गेटसाहेब कॅमेरा घेऊन आला. तिशीतला, गोड बोलणारा, सगळ्यांना बाई-बाई करणारा. त्याने तिला उभं केलं, बिल्ला लावला, “हसा बाई, आज तुमचा दिवस आहे” म्हणाला. ती हसली. फोन बाहेर लॉकरमध्ये ठेवायचा नियम होता. जेवणाच्या सुट्टीत तिने तो काढला तेव्हा नणंदेचे सात फोन येऊन गेले होते. डॉक्टरांनी कागदावर वेळ लिहिली होती, अकरा वाजून वीस मिनिटं.

फोटो दुसऱ्या दिवशी बोर्डावर लागला. फोटोत तिच्या मागे भिंतीवरचं घड्याळ आलंय. अकरा वीस.

रडू आलं नाही. नणंद त्या रडण्याची वाट बघत पंधरा दिवस घरी राहिली.

“अगं, एकदा रडून घे. मोकळी होशील.”

“कशाला गं? तेही यादीत घालू का?” दुर्बीण म्हणाली, आणि गार झालेला चहा पिऊन टाकला. साखर होती की नव्हती ते तिला सांगता आलं नसतं. अंगाला सुई टोचली तरी कळेल की नाही अशी ती झाली होती. लोक येत, बोलत, जात. ती मान हलवी. नवऱ्याचे शेवटच्या आठवड्यातले डोळे कसे होते ते आठवायला बसली, की सलाईनची बाटली आठवे. तिच्यावरची रेघ, आतले बुडबुडे, बुचाजवळचा ओलावा, सगळं जसंच्या तसं. त्याचा चेहरा येत नसे.

सोळाव्या दिवशी ती कामावर आली. तिसऱ्या दिव्याशी बसली. पहिली बाटली उचलली, फिरवली, काळ्या पाटीसमोर धरली. पाण्याचा भोवरा मंद होत गेला. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिला काहीतरी दिसलं. नुसतं पाणी दिसलं. स्वच्छ, फिरणारं पाणी. दहा सेकंद ती कुठेतरी होती. मग वर पेटीत आकडा चढला आणि ती पुन्हा कुठेच नव्हती.

तिने औषधपेटीतली चिकटपट्टी घेतली, स्टुलावर चढली आणि लाल आकड्यावर चिकटवून टाकली.

“काय करतेस?” रेडिओने विचारलं. “जीव नको झालाय का नोकरी नको झालीय?”

“डोळ्यावर येत होतं.”

त्यानंतर ती दिवसाला एकोणीसशे बाटल्या बघू लागली. रेडिओच्या लाल ट्रेमध्ये दिवसाला दहा-बारा बाटल्या असत, हिच्या लाल ट्रेमध्ये तीस. कधी पस्तीस. बोर्डावर पहिल्या नंबरावरून ती तळाला गेली, आणि फोटो मात्र मधोमध तसाच. तिने तो काढायला सांगितला. टार्गेटसाहेब म्हणाला, “अहो बाई, तुम्ही लोकांना प्रेरणा देताय. राहू द्या.”

आठवड्याने त्याने तिला काचेच्या खोलीत बोलावलं.

“बाई, दुःख आहे, समजतं मला. पण तुमचा बाद माल किती वाढलाय बघा.”

“वाढला नाही साहेब. आधीही तेवढाच होता. मी आता बघते.”

“म्हणजे आधी बघत नव्हता?”

“नाही,” ती म्हणाली. “तुम्ही फोटो काढलात त्या महिन्यात मी एकही बाटली बघितली नाही. नुसत्या इकडच्या तिकडे ठेवल्या.”

साहेब, एवढं बोलल्यावर कुठल्याही शहाण्या माणसाने त्या महिन्याचा माल परत मागवला असता. टार्गेटसाहेबाने दार लोटून घेतलं आणि म्हणाला, “हे बाहेर बोलू नका.” मग गोड आवाजात म्हणाला, “तुमची नजरेची परीक्षा घेऊ. पास झालात तर बसा दिव्याशी, मी काही बोलणार नाही.”

तिला दुसरं काही नको होतं. बढती नको, बोर्ड नको, घरी परत जाणंही नको. फक्त तिसरा दिवा हवा होता. दिवसातून एकोणीसशे वेळा, दहा-दहा सेकंद, तिला कुठेतरी असता येत होतं. तेवढं काढून घेतलं तर उरणार होतं ते एकदारी कपाट आणि काळाकुट्ट कागद.

परीक्षा अशी असते. दोनशे बाटल्या, प्रत्येकीवर नंबर. त्यात वीस मुद्दाम ठेवलेल्या खराब. कुठल्या, ते एका बंद पाकिटात. पूर्वी चाळीस मिनिटं देत, आता पंचवीस. दुर्बीणने चाळीस घेतली. टार्गेटसाहेब दोनदा खोकला, तिने लक्ष दिलं नाही. शेवटी लाल ट्रेमध्ये एकवीस बाटल्या होत्या.

त्याने पाकीट फोडलं, बोट फिरवत नंबर जुळवले. वीस जुळले.

“एकशे सदतीस. ही यादीत नाही. चांगली बाटली बाद केलीत तुम्ही.”

“तीत तंतू आहे.”

“यादीत नाही बाई.”

“यादीत नसेल. बाटलीत आहे. फिरवून थांबावं लागतं. काळ्या पाटीसमोर, चौथ्या-पाचव्या सेकंदाला, बाटलीच्या खांद्यापाशी उतरतो. बघा तरी.”

तिने बाटली पुढे केली. ती त्याच्या नाकासमोर होती. त्याने मनगटावरचं घड्याळ बघितलं.

“मला मीटिंग आहे,” तो म्हणाला, आणि रेडिओला हाक मारली. “तुम्ही बघा हो, पटकन.”

रेडिओने बाटली घेतली, दिव्यापुढे धरली. कधी नव्हे ती गप्प होती. बराच वेळ धरली. खोलीत फक्त पेट्यांचे आकडे चढत होते.

“मला नाही दिसत काही,” ती म्हणाली, आणि दुर्बीणकडे न बघता आपल्या जागेवर गेली.

जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन समोर येऊन बसली. झाकण उघडलं नाही.

“दिसला होता गं मला. पांढरा. वाकडा.”

“माहितीय.”

“माझी मुलगी यंदा शेवटच्या वर्षाला आहे. ती एकदा लागली नोकरीला की मग मी...”

“एक तारखेला,” दुर्बीण म्हणाली.

“काय एक तारखेला?”

“काही नाही. जेव.”

दुपारी टार्गेटसाहेबाने तिला एक फॉर्म दिला. तुमच्याच कचेरीतून आलेला, साहेब. वर लिहिलं होतं, ‘पुढील सहा महिन्यांचे माझे ध्येय’. खाली चार ओळी. नीट भरून दिला तर सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षा, पुन्हा दिवा. तिने पेन घेतलं आणि पहिल्या ओळीत लिहिलं, ‘हातातली बाटली बघणे.’ बाकीच्या तीन ओळी रिकाम्या ठेवल्या.

“हे ध्येय नाही होत बाई. हे मोजायचं कसं? आकडा टाका काहीतरी.”

“एक,” ती म्हणाली.

त्याला वाटलं ती चेष्टा करतेय. ती चेष्टा करण्याच्या पलीकडे गेली होती. फॉर्म वर गेला, तुमचा शेरा घेऊन खाली आला, आणि दुसऱ्या दिवसापासून दुर्बीण खोके घडी करण्याच्या खात्यात उभी राहिली. तिथे दिवा लागत नाही. तिथेही पेटी आहे. तिसऱ्या दिव्याशी नवी बाई बसली, तेहतीसशेवाली. फोटो अजून मधोमध आहे.

दुर्बीण काही मागत नाही. ती येते, खोके घडी करते, जाते. कुणी बोललं तर मान हलवते. घरी गेल्यावर खिडकीत बसते. फळी झालीच नाही, म्हणून नुसत्या कट्ट्यावर हात ठेवते आणि बाहेर बघते. काय बघतेस असं नणंदेने विचारलं तर म्हणते, अजून काही नाही.

परीक्षेचा संच फेकत नाहीत, हे तिला ठाऊक आहे आणि तुम्हालाही. तो कुलपाच्या कपाटात असतो आणि किल्ली वरच्या मजल्यावर. तेव्हा साहेब, उठा. एकशे सदतीस नंबरची बाटली काढा. दिव्यापुढे धरा, हलकेच फिरवा आणि थांबा. पूर्ण दहा सेकंद. मनगटाकडे बघू नका, यादीकडे बघू नका, मीटिंग राहू द्या.

आणि मग सही नको, शेरा नको. तोंडाने सांगा. तंतू आहे की नाही?