उजवा गिअर, डावा कौल

भिकाजीकाकांना त्यांच्याच बुलेटने लाथ मारली आणि तिथून माझं लग्न अडलं.

चूक बुलेटची नव्हती. किक मारण्याआधी तिची एक चिमुकली दांडी दाबायची, मीटरचा काटा मध्यावर आणायचा आणि मगच पाय टाकायचा, असा तिचा मान असतो. काका घाईत होते. किक उलटली आणि उजव्या घोट्याला प्लास्टर बसलं. आणि नेमक्या त्याच सोमवारी गावच्या रवळनाथाला कौल लावायचा होता. मूर्तीला चिकटवलेली उजवीकडची पाकळी पडली की होकार, डावीकडची पडली की नकार. काकांची मुलगी आनंदी मला द्यायची की नाही, हे त्या पाकळ्यांवर होतं. आमच्या दोघांचं कधीच ठरलं होतं, पण आम्हाला पाकळ्या नव्हत्या.

"दिवस बदलूचो नाय. देवाक सांगललो आसा," काका म्हणाले. "गुरुदासा, तू माका देवळात व्हर. बुलेट येता मा तुका?"

"येता," मी म्हणालो.

येत होती ती येझदी.

"काकानू, माझीच गाडी काढूया काय?" मी सुचवून पाहिलं.

"ती? पेट्रोलात तेल घालतंस मेल्या तिच्या. भजी तळतंस काय तिच्यात? देवळात पोचासर माजो धूप होतलो."

तेल घालावंच लागतं. विसरलं तर इंजिन जाम होतं, जास्त झालं तर मागचा माणूस दिसेनासा होतो. बुलेटला ती भानगड नाही. एरवी दोन्ही गाड्या काळ्या, दोघींचे गोल दिवे, दोघींच्या फुगीर टाक्या. अंगणात शेजारी उभ्या केल्या तर सख्ख्या बहिणी. फरक पायात. येझदीचा गिअर डाव्या पायात, ब्रेक उजव्या. बुलेटचा गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. शिवाय येझदीत किक आणि गिअर हा एकच दांडा असतो. आत दाबून वर फिरवला की किक, परत खाली आणला की गिअर.

म्हणून मी सवयीने बुलेटच्या डाव्या अंगाला उभा राहिलो आणि दांडा आत ढकलू लागलो.

"ब्रेकाक कित्या ढोसतंस?"

"तपासतंय."

"बरो आसा ब्रेक. किक हयसर."

आनंदी पायरीवर उभी होती. ती हळूच म्हणाली, "येता ना तुमका खरीच?" मी हसलो. त्या हसण्यावर कुठल्याही शहाण्या मुलीने लग्न मोडलं असतं.

देवगडच्या बाहेर पडेपर्यंत सगळं ठीक होतं, कारण थांबायची वेळ आली नव्हती. प्लास्टरचा पाय बाहेर काढून, नारळाची पिशवी मांडीवर घेऊन काका मागे बसले होते. पुढे उतार लागला. उताराच्या पोटात देऊळ. दारात बाबली गुरव आमची वाट बघत उभा.

मी ब्रेक म्हणून उजवा पाय दाबला. बुलेटने तो गिअर समजून घेतला आणि वरचा टाकला. बाबलीने नमस्कार केला. आम्ही त्याच्या समोरून गेलो.

"रे, देऊळ! देऊळ ऱ्हवला मागे!"

मी आणखी जोरात ब्रेक दाबला. आणखी वरचा गिअर पडला. हँडलवर हाताचा ब्रेक असतो हे त्या वेळी मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याचे आभार मानले असते. शेवटी मनात आलं, निदान गिअर तरी कमी करू. म्हणून डावा पाय हाणला.

मागचं चाक किंचाळलं, गाडी आडवीतिडवी झाली आणि गचका खाऊन बंद पडली. समोर शेंदूर लावलेला दगड होता. गावच्या हद्दीवरचा देवचार, म्हणजे राखणदार.

काकांनी दगडाकडे पाहिलं. मग त्यांनी टोपी काढली.

"अडवल्यान."

"कोणी?"

"देवचारान. देवळासमोर थांबाक दिल्यान नाय, आणि हय अडवल्यान. म्हणजे ह्या लग्नाक तेचो होकार नाय. कौल लावची गरजच नाय आता. चल परत."

माझ्या डाव्या पायाने केलेलं काम देवचाराच्या नावावर जमा होत होतं आणि माझ्या नावावरून आनंदी वजा होत होती. गप्प राहिलो तर चांगला चालक म्हणून घरी जाणार होतो. लग्नाविना.

"काकानू, देवचारान नाय अडवल्यान."

"मगे?"

"माज्या पायान. माका बुलेट येना नाय. येझदीचे पाय आसत माजे. ब्रेक मारूक गेलंय तो गिअर पडलो, आणि गिअर टाकूक गेलंय तो ब्रेक."

काकांनी माझ्या पायांकडे पाहिलं, मग दगडाकडे, मग परत पायांकडे.

"म्हणजे देवळासमोर तू गिअर टाकलंस?"

"दोनदा."

"शिरा पडली तुज्या तोंडार." त्यांनी टोपी घातली. एक नारळ तरीही दगडापुढे ठेवला. देवचाराचा काही संबंध नसला तरी त्याने सगळं पाहिलं होतं. "ढकल आता."

काका गाडीवर बसलेले, मी चढावर ढकलतोय, अशी आमची वरात देवळात पोचली. काका लंगडत आत गेले. बाबलीने पाकळ्या लावल्या. काका त्याच्या कानात काहीतरी पुटपुटले आणि बाबलीने चमकून माझ्या पायांकडे पाहिलं. मग देवाकडे वळून त्याने प्रश्न विचारला, तोही तोंडातल्या तोंडात.

पाकळी पडली. डावी.

"बरा झाला," काका म्हणाले.

"बरा?"

"मी इचारलंय, परतीक गाडी ह्येच्याच हातात देऊ काय? देव नाय म्हणता."

"आणि लग्नाचा?"

"एका खेपेक एकच प्रश्न. आदी घराक जिते पोचाक होया."

पण गाडी चालवणार कोण? काकांचा उजवा पाय प्लास्टरमध्ये, म्हणजे गिअरही नाही आणि किकही नाही. बाबलीला बैलगाडी येत होती. शेवटी काकांनीच देवाचा शब्द मोडणार नाही असा तोडगा काढला. मी काटा मध्यावर आणून किक मारली. काका पुढे बसले. हँडल, क्लच आणि डाव्या पायाचा ब्रेक त्यांच्याकडे. मी त्यांच्या पाठीला घोरपडीसारखा चिकटलो आणि उजवा पाय पुढे लांबवून गिअरवर ठेवला.

"वर!" काका ओरडत. मी वर करी.

"खाली! अरे, तां खाली न्हंय, ता माजा प्लास्टर!"

देवगडात लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. आम्ही अंगणात शिरलो. काकांनी ब्रेक मारला आणि गाडी जिथे थांबायला हवी होती, अगदी तिथेच थांबली. इतकं बरं मला आयुष्यात वाटलं नव्हतं.

आनंदी पायरीवरच होती. "देवान काय सांगल्यान?"

"ह्येका गाडी देऊ नको म्हणान सांगल्यान," काका म्हणाले. "चेडवाच्या लग्नाचा तेणी कायच काढूक नाय. म्हणजे तां माज्यावर सोडल्यान."

ती माझ्याकडे बघायला घाबरत होती. मी काकांच्या मांडीखालून पाय सोडवत होतो.

"मगे गाडी आणल्यान कोणी?"

"अर्दी मी," काका म्हणाले आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन खाली उतरले. "अर्दी जावयान."