पडद्याआडचे पाय

तांदळाच्या पिठाचा ठिपका वाळताना आधी कडेने पांढरा होतो, मध्यभागी सगळ्यात शेवटी. नीट वाळलेला ठिपका हसण्याबोलण्याने फुटत नाही. दात आवळले तरच फुटतो. त्या संध्याकाळी रंगपटात अप्पय्यांच्या डाव्या गालावरचे ठिपके मी पुन्हा लावले, आणि ते पुन्हा फुटले.

"गुडघा?" मी विचारलं.

"पीठ पातळ झालंय. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतेस आणि घरचं पीठ साधत नाही."

आमच्या गावच्या यक्षगान संघात राक्षस म्हणजे अप्पय्या, माझे वडील कोरगप्पा शेट्टी. त्यांच्यानंतर कोण, हा प्रश्न ते कित्येक वर्षं "बघू" म्हणून टोलवत होते. त्यांचं एकेक पाऊल मी परसात घोटलंय, हे त्यांना ठाऊक होतं. बाईच्या गळ्यातून राक्षस निघत नाही, असं संघाचे चिटणीस जगन्नाथ राय म्हणत, तेव्हाही अप्पय्या "बघू"च म्हणत. आता रायांनी सांगून टाकलं होतं: आजचा खेळ संपेपर्यंत नाव कळलं नाही, तर पुढच्या वर्षी राक्षस मंगळुरूहून भाड्याने आणायचा.

आमचा राक्षस एकदम दिसत नाही. दोन माणसं पडदा धरतात आणि त्यामागे तो बराच वेळ नाचतो. लोकांना दिसतात काठावर रोवलेली बोटं, मुकुटाचं टोक, मध्येच एक डोळा. बाकीचा राक्षस ज्याने त्याने मनात रचायचा. पडद्याचं एक टोक माझ्याकडे असे, दुसरं संघातल्याच रघुरामकडे. पडदा वीतभर जास्त उतरला, की भीती सांडलीच.

चेंडे, आमचे उभे ढोल, कडाडू लागले. वेष बांधणाऱ्या ऐतप्पाने पलित्यावर राळ उधळली, भडका उठला, आणि पुढची पोरं आयांच्या मांडीत शिरली. अप्पय्यांनी काठावर बोटं रोवली. मुकुट वर आला, डोलला. पहिली उडी झोकात झाली. दुसरी उठलीच नाही.

पलीकडे कुणाला काही कळलं नाही. अलीकडे गुडघा लाकडासारखा अडकला होता आणि गालावरचे ठिपके एकेक गळत होते. चेंडेवाला तोच ताल वाजवत वाट पाहू लागला.

मी माझं टोक ऐतप्पाच्या हातात कोंबलं, पडद्याआड शिरले आणि फळ्यांवर टाचा आपटल्या. चेंड्याने लगेच पकडलं. वर त्यांची बोटं, त्यांचा मुकुट. खाली माझे पाय. मी उजवीकडे धावले की ते नुसती मान उजवीकडे फिरवत. मी थांबले की मुकुट सावकाश खाली बुडे, आणि पलीकडे कुणी श्वाससुद्धा घेत नसे. मग मी आरोळी दिली, पोटातून, परसातल्या माडांना रोज ऐकवत असे तशी. एक मूल रडू लागलं, मग दुसरं. मला इतका आनंद झाला की मी आणखी जोरात ओरडले. हसू दाबताना रघुरामचा हात थरथरला, पडदाही थरथरला, आणि लोक तेवढ्यानेही मागे सरकले. फटीतून पाहिलं, तर राय दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन बसले होते.

पडदा उतरवून राक्षस दाखवण्याआधी गाणं थांबतं. मग गाणारे भागवत राक्षसाला प्रश्न विचारतात, आणि राक्षस पडद्यावरून सुचेल ते उत्तर देतो. पद्मनाभ भागवत आमच्या मागेच बसलेले. त्यांच्यापासून काय लपणार?

"कोण म्हणायचं हे पडद्याआड?" त्यांनी विचारलं. "आवाजावरून पाय फार तरणे वाटतात."

अप्पय्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या खांद्यावर भार टाकून ते ताठ झाले, आणि राक्षसाच्याच आवाजात, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलले.

"मुकुट माझा आहे, भागवत. पाय आणि आरोळी माझ्या वारिजाची. पुढच्या वर्षीपासून मुकुटही तिचाच."